कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधली एक ओळ बदलायला गेले, त्याचा अनुभव

लिनक्स कर्नलमधलं (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं) माझं पहिलं काम म्हणजे एक ओळ. कोडची पण नाही, फंक्शनच्या डोक्यावर जी कॉमेंट असते त्यातली, "रिटर्न:" ने सुरू होणारी. ती बदलून कर्नलमध्ये जायला साधारण तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत जे शिकले ते लिहून ठेवतेय, कारण डॉक्युमेंटेशनचं काम म्हणजे स्पेलिंग सुधारणं असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही तसंच वाटायचं.

झालं असं की मी एक ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, लिहीत होते. त्यात दुसऱ्या एका सबसिस्टिमचं (कर्नलच्या एका विभागाचं) फंक्शन वापरायचं होतं, ते आतमध्ये मेमरी घेतं, एक स्ट्रक्चर भरतं आणि त्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देतं. कॉमेंट वाचली, तिथे स्वच्छ लिहिलं होतं की जमलं नाही तर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, परत येईल. मग मी नल आलाय का ते तपासलं, आला नसेल तर पुढे. कोड आठवडाभर बिनबोभाट चालला. मग फेलस्लॅब सुरू करून टेस्ट केली. ही कर्नलमध्येच असलेली सोय आहे, ती मुद्दाम मधूनमधून मेमरी द्यायला नकार देते, म्हणजे तुमचा एरर हाताळणारा कोड खरंच काम करतो का ते कळतं. दहा मिनिटांत ऊप्स, म्हणजे कर्नलमधल्या गंभीर चुकीचा संदेश, आला. ज्या पत्त्यावर कर्नल अडखळला होता तो असा होता, पंधरा वेळा एफ आणि शेवटी ४.

हा पत्ता म्हणजे हेक्समधला उणे १२, आणि उणे १२ म्हणजे ईनोमेम, मेमरी मिळाली नाही. कर्नलमधली बरीच फंक्शन्स काही बिघडलं की नल देतच नाहीत, एररचा आकडाच पॉइंटरमध्ये घालून परत पाठवतात, पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाचे ४०९५ आकडे त्यासाठी मोकळे ठेवलेले असतात, तिथे खरा पॉइंटर कधी येत नाही. असा पॉइंटर इज-एरर नावाच्या फंक्शनने तपासायचा असतो. नल म्हणजे शून्य, आणि उणे १२ काही शून्य नाही, त्यामुळे माझी तपासणी त्याला सरळ आत सोडत होती आणि पुढच्याच ओळीत मी त्या पत्त्यावर वाचायला जात होते. माझा कोड कॉमेंटप्रमाणे अगदी बरोबर होता. कॉमेंटच चुकीची होती.

आधी वाटलं कॉमेंट पहिल्यापासूनच चुकीची असेल. पण गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या लॉगमध्ये एखाद्या फंक्शनचा पूर्ण इतिहास काढता येतो, उणे एल असा ऑप्शन आहे, त्याने एकेक कमिट (नोंदवलेला बदल) मागे जात बघितलं तर काही वर्षांपूर्वीचा एक कमिट सापडला ज्यात नलच्या जागी एरर पॉइंटर आला होता. ज्यांनी बदल केला त्यांनी काम नीट केलं होतं, कर्नलमध्ये रीतच आहे की आतला इंटरफेस बदलला तर तो वापरणारा सोर्समधला सगळा कोड बदलणाऱ्यानेच दुरुस्त करायचा, आणि तो त्यांनी एकूणएक केला होता. फक्त वरची कॉमेंट राहून गेली. आणि ती का राहते हेही समजतं हो. एखादा कॉलर, म्हणजे ते फंक्शन बोलावणारा कोड, सुटला असता तर कुठेतरी काहीतरी फुटलं असतं, किंवा स्मॅचसारख्या तपासणी टूलने दाखवून दिलं असतं. कॉमेंट चुकली म्हणून कंपायलर काही बोलत नाही.

इथे थोडं सांगायला हवं की या कॉमेंट साध्या नसतात. स्लॅशनंतर दोन तारे आले की ती कर्नल-डॉक कॉमेंट होते, पहिल्या ओळीत फंक्शनचं नाव आणि थोडक्यात काम, मग ॲट चिन्ह लावून एकेक पॅरामीटर, मग "कॉन्टेक्स्ट:" (कुठून बोलावता येतं) आणि "रिटर्न:" (काय परत येतं). एक स्क्रिप्ट ती सोर्समधून उचलते (ही स्क्रिप्ट वर्षानुवर्षं पर्लमध्ये होती, २०२५ मध्ये पायथनमध्ये नव्याने लिहिली गेली) आणि स्फिंक्स त्याची पानं बनवतो. २०१६ पासून स्फिंक्स आहे, त्याआधी डॉकबुक होतं. म्हणजे कोडातली ती एक ओळ वेबवरच्या पानावरही जशीच्या तशी दिसते आणि ड्रायव्हर लिहिणारे लोक ती प्रमाण मानून चालतात. स्क्रिप्ट वॉर्निंग देते, पण ती फक्त वरवरची, पॅरामीटरचं नाव बदललं आणि कॉमेंटमध्ये जुनंच राहिलं तर सांगते, एखाद्याची माहिती दिलीच नसेल तर सांगते. "रिटर्न:" च्या पुढे लिहिलेलं खरं आहे का, हे तिला कळायला काही मार्गच नाही. ते कोणीतरी कोड वाचूनच ठरवावं लागतं.

तर मी पॅच, म्हणजे बदल सांगणारी फाइल, करायला बसले. एक ओळ बदलली, आणि मग वाटलं फाइल उघडलीच आहे तर शेजारची दोन स्पेलिंग पण सुधारू, आणि लांब झालेल्या ओळी जरा नीट तोडू. सगळं एका पॅचमध्ये घातलं, ईमेल प्रोग्रॅममध्ये चिकटवलं आणि मेंटेनरला, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याला, पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, दोनच मुद्दे, पॅच लागत नाहीये आणि एका पॅचमध्ये एकच गोष्ट असू द्या. लागत नव्हता कारण माझ्या ईमेल प्रोग्रॅमने सगळ्या टॅबच्या स्पेस करून टाकल्या होत्या. कर्नलचा कोड आठ रुंदीच्या टॅबवर चालतो, पॅचमधली एक टॅब जरी बदलली तरी गिटला ती ओळ सापडत नाही. मग गिट सेंड-ईमेल बसवलं, ते पॅच हात न लावता जसाच्या तसा पाठवतं. एक संध्याकाळ त्याच्या सेटिंगमध्ये गेली पण ती एकदाच जाते. आता मी नवीन माणसाला पहिलं हेच सांगते की पॅच आधी स्वतःलाच मेल करा, आलेला मेल गिट एएम या कमांडने लावून बघा, लागला तर मगच बाहेर पाठवा.

एका पॅचमध्ये एकच गोष्ट, हे मला तेव्हा जरा अती वाटलं होतं. आता नाही वाटत. रिव्ह्यू करणारा माणूस दिवसाला कितीतरी पॅच बघतो, माझ्या पॅचमधल्या वीस बदललेल्या ओळींपैकी अठरा नुसत्या तोडजोडीच्या होत्या आणि ज्या ओळीने ड्रायव्हर कोसळतो ती त्या गर्दीत हरवली होती.

व्ही-टू मध्ये, म्हणजे पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीत, फक्त ती ओळ ठेवली. यावेळी प्रश्न वेगळा आला, की हे कधीपासून चुकलंय? कमिट मेसेजमध्ये मी लिहिलं होतं "रिटर्नची माहिती दुरुस्त केली", बस. काय केलं ते तर डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) दिसतंच, का केलं ते मेसेजमध्ये हवं. मग नीट लिहिलं, की आधी हे फंक्शन नल देत असे, अमुक कमिटने एरर पॉइंटर द्यायला सुरुवात केली, कॉलर बदलले पण कॉमेंट तशीच राहिली, त्यावर विसंबून लिहिलेला नवीन कोड एरर पॉइंटर वापरायला जाईल. खाली "फिक्सेस:" ची ओळ, त्यात मूळ कमिटच्या हॅशची (ओळख-क्रमांकाची) पहिली १२ अक्षरं आणि त्याचं शीर्षक. त्याखाली "साइन्ड-ऑफ-बाय". ही सही २००४ पासून आहे, तिचा अर्थ इतकाच की हे काम मी या लायसन्सखाली द्यायला मोकळी आहे. आणि तीन डॅशच्या खाली आधीच्या आवृत्तीपासून काय बदललं ते, तिथलं लिहिलेलं गिटच्या इतिहासात जात नाही, फक्त रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी असतं.

या मेसेजवर मी त्या ओळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मनापासून वाटतं. कारण उद्या कोणाला शंका आली तर गिट ब्लेमने (कोणती ओळ कोणत्या कमिटने आली ते सांगणाऱ्या कमांडने) ते बरोबर इथेच येणार आहेत.

व्ही-थ्रीची एक गंमत आहे. आता खात्री करावी म्हणून मेक एचटीएमएलडॉक्स ही पानं बनवणारी कमांड चालवली, पूर्ण डॉक्युमेंटेशन बनवायला फार वेळ लागतो म्हणून स्फिंक्सडर्स हा ऑप्शन देऊन फक्त आपलाच भाग बनवला. मी "रिटर्न:" खाली तीन एरर तीन ओळींत छान एकाखाली एक लिहिले होते, पानावर बघते तर तिन्ही एकाच ओळीत सलग. कर्नल-डॉक तिथल्या ओळी तोडत नाही, यादी हवी असेल तर प्रत्येकापुढे यादीचं चिन्ह द्यावं लागतं. चिन्हं दिली, तर आता स्फिंक्सची वॉर्निंग, अनएक्सपेक्टेड इंडेंटेशन. एक मोकळी ओळ हवी होती यादीच्या आधी. कोडात वाचताना सगळं ठीक दिसतं आणि पान मात्र मोडतं, म्हणून बनवलेलं पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय आता मी काहीच पाठवत नाही.

मग वाट बघणं. आठवडाभर काहीच नाही. लिहिलेलंच आहे की किमान एक आठवडा थांबा, मगच आठवण करा, मी दहाव्या दिवशी दोन ओळींची आठवण केली आणि दुसऱ्या दिवशी मेंटेनरचं "अप्लाइड, थँक्स" आलं. तोवर रिलीज जवळ आली होती, त्यामुळे पुढच्या मर्ज विंडोपर्यंत (म्हणजे नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याच्या काळापर्यंत) ती ओळ त्यांच्या ट्रीमध्ये, म्हणजे त्यांच्या कोडाच्या प्रतीत, आणि लिनक्स-नेक्स्ट या पुढच्या रिलीजच्या चाचणी-ट्रीमध्ये राहिली. कर्नलची एक फेरी नऊ-दहा आठवड्यांची असते, पहिले दोन आठवडे मर्ज विंडो आणि मग दर आठवड्याला एक आरसी, म्हणजे रिलीजआधीची चाचणी आवृत्ती. आणि एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती, डॉक्युमेंटेशनची वेगळी ट्री आहे, जोनाथन कॉर्बेट ती बरीच वर्षं सांभाळतायत, पण कॉमेंट कोडाच्या फाइलमध्ये असली तर ती बहुतेक वेळा त्या त्या सबसिस्टिमच्या ट्रीमधूनच जाते. कोणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर नावाची स्क्रिप्ट सांगते, तिचं ऐकायचं.

आरसी-वन आली तेव्हा फाइल उघडून ती ओळ बघितली. खूप बरं वाटलं.

पण त्याच फाइलमध्ये अजून बावीस फंक्शन्स होती आणि मला आता स्वस्थ बसवेना. रोज एक असं ठरवून वाचत गेले, आधी कॉमेंट झाकून फक्त कोड वाचायचा, आपल्या शब्दांत लिहायचं की हे काय देतं आणि कुठून बोलावता येतं, मग कॉमेंट उघडायची आणि जुळतंय का बघायचं. ही पद्धत मला अजूनही सगळ्यात चांगली वाटते, आधी कॉमेंट वाचली की डोळे कोडातही तेच शोधतात. बहुतेक जुळलं. दोन ठिकाणी "रिटर्न:" अर्धवट होतं. आणि एका ठिकाणी कॉन्टेक्स्टमध्ये लिहिलं होतं कुठूनही बोलवा, आणि आत म्युटेक्स घेतलेला. म्युटेक्स म्हणजे एक कुलूप, ते मिळेपर्यंत झोपावं (थांबून राहावं) लागू शकतं, आणि इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरच्या हाकेला लगेच उत्तर देणाऱ्या कोडात) किंवा स्पिनलॉक (न झोपता वाट बघायचं कुलूप) धरून झोपता येत नाही. हे वाचून कोणी इंटरप्टमधून बोलावलं असतं तर कधीतरी, बहुतेक गर्दीच्या वेळी, मशीन अडकलं असतं.

यावेळी मेंटेनर विचारण्याआधीच पुरावा गोळा केला. डीबग ॲटॉमिक स्लीप ही अशी चूक पकडणारी सेटिंग चालू करून कर्नल बनवला, एक छोटं टेस्ट मॉड्यूल लिहिलं, त्यात स्पिनलॉक धरून ते फंक्शन बोलावलं, आणि लगेच लॉगमध्ये आलं, स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट. तो लॉग कमिट मेसेजमध्ये घातला. पहिल्याच आवृत्तीला होकार आला.

त्यानंतर काही महिन्यांनी मेंटेनरनेच विचारलं की मेंटेनर्स फाइलमध्ये (कोणता भाग कोण सांभाळतं त्या यादीत) या भागापुढे रिव्ह्यूअर म्हणून नाव टाकू का. आता आर अक्षराच्या ओळीत माझं नाव आहे, आणि त्या फाइल्सना हात लावणारा प्रत्येक पॅच मला येतो. दर आरसी-वनला मी आधीच्या रिलीजपासून त्या फाइल्समध्ये काय बदललं त्याचा डिफ काढते आणि रिटर्नच्या ओळी कोडाशी लावून बघते. दोन तास जातात, कधी तीन.

मागच्या फेरीत एक पॅच आला, पहिल्यांदाच पाठवणाऱ्या कोणाचा तरी. फंक्शन आधी नुसतं ट्रू-फॉल्स देत होतं ते आता एररचा आकडा देणार होतं, सगळे कॉलर नीट बदललेले, कॉमेंट जुनीच. मी डिफमधल्या त्या कॉमेंटखाली लिहिलं की बदल चांगला आहे, फक्त ही ओळ पण याच पॅचमध्ये बदला, आणि माझ्या त्या जुन्या कमिटचा हॅश दिला. दुसऱ्या दिवशी व्ही-टू आली, रिटर्नखाली यादी होती, यादीच्या आधी मोकळी ओळसुद्धा होती. पान बनवून बघितलं आणि खाली "रिव्ह्यूड-बाय" लिहिलं.