कुणाच्या पैशावर गाव सोडलं?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. सांगलीचंही तसंच. वाळवा-पलूसची रानं कृष्णेच्या पाण्यावर, जत-आटपाडी पर्जन्यछायेत. त्यामुळं स्थलांतराचा विषय निघाला की आपण लगेच दुष्काळावर बोट ठेवतो. दुष्काळ खराच आहे. पण आपल्याच दोन जिल्ह्यांतून बाहेर पडलेल्या माणसांची गत सारखी झाली नाही. घर सोडताना हातात पैसा कुणाचा होता, यावर बरंच ठरलं.

विटा, खानापूर, आटपाडी, खटाव भागातली पोरं गलाईला गेली. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. देशभरातल्या सराफ बाजारांत हे गलाई बांधव सापडतात. पोरगं मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात राहतं, भट्टीवर हात बसवतं आणि चार-पाच वर्षांनी स्वतःचं दुकान टाकतं. जाताना तिकिटाचा पैसा नात्यातला असतो.

जावळी-पाटणची माणसं मुंबईच्या बाजारात ओझी उचलायला गेली. तिथं पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी संघटना उभी केली आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्यातली खुबी साधी आहे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, माथाडी मंडळात भरतो आणि मंडळ हमालाला पगार देतं. भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना हे सगळं त्या लेव्हीतून. मजुरी मधल्या माणसाच्या खिशातून जायची बंद झाली.

तिसरी वाट ऊसतोडीची. जतमधून माणसं निघतात, बीडकडून आपल्या पट्ट्यात येतात. इथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि पैसा मुकादमाच्या उचलीचा, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्यानं हंगामाआधीच दिलेल्या आगाऊ रकमेचा. हिशोब मांडून बघा. 2024 च्या जानेवारीतल्या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला सुमारे 366 रुपये झाला. चांगल्या उसात एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. शंभर दिवसांचा हंगाम धरला तर 200 टन, म्हणजे 73,200 रुपये. उचल लाखाची असेल तर 26,800 अंगावर राहिले. त्यात आठवड्याची खर्ची वजा व्हायची असते, आजारपणाचा खाडा असतो, गाडी न आल्यानं फडात बसून गेलेले दिवस असतात. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे येतात, ते तेल-मिठाला जातात. म्हणजे कष्टात कसूर न करताही बाकी फिरते आणि पुढच्या हंगामाला तीच माणसं परत बांधली जातात.

उचल कधी घेतली जाते, हे बघणं फार महत्त्वाचं. शाळेची फी, बियाणं, दवाखाना, लग्नाचं देणं हे सगळं जून ते ऑगस्टात अंगावर येतं, तेव्हाच मुकादम दारात असतो. मग नोव्हेंबरात गावात काम काढलं तरी माणूस थांबत नाही, कारण त्याचे हात जुलैतच गहाण पडलेले असतात. रोजगार हमीची कल्पना वि. स. पाग्यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिली होती. ती आपल्याच मातीतली. पण मजुरी दोन-दोन महिने अडकली तर ती उचलीशी टक्कर देऊ शकत नाही. पावसाळ्यात बचत गटातून किंवा सोसायटीतून वीस-तीस हजारांचं कर्ज वेळेत मिळालं, तर निदान उचलीचा आकडा खाली येतो. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी ज्या शिवारात पोचलं तिथं घरचीच पिकं माणूस धरून ठेवतात. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांनी समान वाटपाचा आग्रह धरला, तो यासाठीही होता.

आता ज्या गावात कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या, पडतात त्या गावाचं काम. पहिलं म्हणजे यादी. कोणती टोळी कोणत्या गटात उतरणार हे कारखान्याच्या शेती खात्याला आधीच माहीत असतं. ग्रामपंचायतीनं ऑक्टोबरातच ते मागून घ्यावं आणि टोळी उतरल्यावर आठवड्यात माणसं, मुलांची वयं, गरोदर बायका आणि रेशनकार्डाचा नंबर लिहून काढावा.

रेशन आता कुठल्याही दुकानात मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. घरी म्हातारी माणसं असतील तर थोडं तिकडं, थोडं इकडं असंही घेता येतं. अडतं कुठं? ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालेली नसते. कोयत्यानं आणि पाचटानं बोटांच्या रेघा झिजतात, अंगठा मशीन घेत नाही. तिथं डोळ्यांचं स्कॅनर लागतं. आणि दुकानात कोटा गावच्या कार्डांपुरताच आलेला असतो, म्हणून दुकानदारानं वाढीव मागणी हंगामाआधीच नोंदवायला हवी.

शाळेचा प्रश्न मला सगळ्यात जिव्हारी लागतो. स्थलांतर करणाऱ्या मुलाला मूळ शाळा देते ते शिक्षण हमी पत्रक आणलं तर उत्तमच. पण दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. तरी पोरं शाळेत दिसत नाहीत. टोळी पहाटे चारला फडात जाते आणि अंगणवाडी उघडते दहाच्या सुमारास. मधले सहा तास तान्ह्या भावाला आठ-नऊ वर्षांची बहीण सांभाळते. चूल, पाणी, झोळीचा दोर, सगळं तिच्याच हातात. तिला शाळेत आणायचं तर आधी तान्ह्याची सोय हवी. कोप्यांजवळ पहाटेपासून पाळणाघर, तिथं टोळीतलीच एक बाई पगारी. एवढी सोय केली तर त्या मुलीच्या हातातला दोर सुटतो.

लसीकरण दिवसा ठेवलं तर तळावर कुणी नसतं, ते संध्याकाळी सहानंतर कोप्यांवरच घ्यावं. पाण्याचं गणितही अवघड नाही. वीस कोप्या, कोपीत चार माणसं, माणशी 55 लिटर म्हणजे रोज 4,400 लिटर. पाच हजारांची टाकी पुरते, बैलांचं पाणी वेगळं. बायकांसाठी आडोशाची न्हाणी, संडास आणि रस्त्याला दिवा पहिल्या आठवड्यात लागला पाहिजे, फेब्रुवारीत लावून काय उपयोग?

आणि वजनाची पावती. गाडी काट्यावरून उतरली की टनाचा आकडा मुकादमाच्या वहीत जातो, जोडीला तो पट्टीच्या, म्हणजे हिशोबाच्या, दिवशी कळतो. त्याच संध्याकाळी कोयत्यागणिक आकडा मोबाइलवर मेसेजनं आला, आणि मजुरी माथाडीसारखी मंडळामार्फत, नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांवर पडली, तर त्या बाईला पहिल्यांदा कळेल की तिनं किती टन ऊस तोडला.