अडथळा बोटांना कळेपर्यंत

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ फिजिओथेरपी करताना, नवरात्र संपले की कंबर धरून येणाऱ्यांची रांग लागते आणि माझा हात सवयीने यंत्राच्या बटणाकडे जात असे. ऑस्टिओपॅथिक हस्तोपचारांच्या, म्हणजे सांधे आणि स्नायू हातांनी हलवून, ताणून करायच्या उपचारांच्या, प्रशिक्षणाने ती सवय मोडली.

या पद्धतीची मांडणी अमेरिकन डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या निकषांत नवख्यांसाठी ४२०० तासांचे, तर आधीच आरोग्यक्षेत्रात असलेल्यांसाठी साधारण १००० तासांचे शिक्षण सांगितले आहे. त्यामुळे दोन शनिवार-रविवारांत प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांकडे मी संशयानेच पाहते.

मला सर्वाधिक उपयोगी पडले ते मसल एनर्जी तंत्र. सांधा अडथळा जाणवेल तिथपर्यंत हलकेच न्यायचा, तिथे रुग्णाला आपल्या हाताविरुद्ध काही सेकंद थोडाच जोर लावायला सांगायचे, स्नायू सैल पडला की पुढचा अडथळा शोधायचा, आणि हे तीन-चारदा करायचे. ऐकायला सोपे आहे. पण तो अडथळा बोटांना कळायलाच मला कित्येक आठवडे लागले, कारण प्रत्येक वेळी मी त्याच्या पलीकडे ढकलत होते. सरावासाठी झोपवलेल्या शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "अगं, तू काही करतच नाहीयेस!" तेव्हा हात जमू लागला होता.

मानेला झटका देणाऱ्या तंत्रांबाबत मात्र मी भित्रीच राहिले आहे. रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका विरळ असला तरी खरा आहे. कवटीची हाडे सूक्ष्म लयीत हलतात असे मानून त्यांवर हलक्या हाताने उपचार करण्याचा या पद्धतीतला भाग, पुरावा तोकडा असल्याने, मी वापरत नाही.