जिप्सम पार्टिशनला शीट किती? आमच्या हॉलमधल्या भिंतीचा हिशेब

हॉलचा एक भाग बंद करून मुलीला अभ्यासाला खोली करायची होती. विटांचं वजन स्लॅबवर नको, म्हणून जिप्सम बोर्डाचं पार्टिशन. कारागीर फक्त मजुरीवर आला, माल आमचा.

भिंत १२ फूट लांब, साडेनऊ फूट उंच, एका टोकाला भिंतीला लागून ३ बाय ७ चं दार. दुकानदारानं दार वजा करून दोन्ही बाजूंचे मिळून १८६ स्क्वेअर फूट काढले. ६ बाय ४ ची शीट म्हणजे २४ स्क्वेअर फूट, त्यानं भागून म्हणाला, "८ शीट न्या." मला ते पटेना. साडेनऊ फुटांत ६ फुटी शीट एकदाच बसते. उरलेल्या साडेतीन फुटांसाठी दुसरी कापली की अडीच फुटांचा तुकडा हातात राहतो, आणि तो कुठे लावायचा हे भागाकारातून कळत नाही. (१० फुटी शीटही मिळते, पण ती आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही.)

घरी येऊन चौकटीच्या वहीत दोन्ही बाजू काढल्या. स्टड, म्हणजे बोर्ड ज्यांवर ठोकतात ते पत्र्याचे उभे चॅनल, दर २ फुटांवर. समोरासमोरचे उभे जोड एकाच स्टडवर येऊ द्यायचे नाहीत, म्हणून एका बाजूचे जोड ४ आणि ८ फुटांवर धरले, दुसऱ्या बाजूचे २, ६ आणि दारावर १० फुटांवर. दाराच्या कोपऱ्यात जोड आला तर पुढे तिथेच तडा जातो, त्यामुळे तिथली शीट एल आकारात कापायची. पहिल्या बाजूला असं कापून ३ बाय साडेतीनचा तुकडा निघत होता, आणि दुसऱ्या बाजूला दाराशेजारी खाली नेमका तेवढाच हवा होता! हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला. एका बाजूला ५, दुसरीला ४, अशा ९ शीट झाल्या. तुटफुटीला एक जादा धरून १० आणल्या.

चॅनलचंही तसंच. १२ फुटी स्टड साडेनऊला कापला की अडीच फूट उरतात. आडव्या जोडांमागे असे ७ तुकडे लागत होते आणि पूर्ण उंचीचे स्टडही ७च होते. दारावरच्या आखूड स्टडसाठी आठवा घेतला. खालच्या पट्टीतून उरलेले ३ फूट दाराच्या माथ्याला गेले. दाराचं वजन पेलायला चौकटीलगतच्या स्टडमध्ये लाकूड भरून घेतलं.

स्क्रू २५ मिमीचे, कडेला ८ इंचांवर, मध्ये १२ इंचांवर. जोडांवर लावायच्या टेपसाठी क्षेत्रफळ नाही, जोडांची लांबी मोजायची: आमची साठ फुटांच्या आत आली, कोपरे वेगळे. जॉइंट कंपाउंड (जोड भरायची लुकण) मात्र सढळ हातानं घ्या. शीटच्या लांब कडा उतरत्या असतात, तिथे टेप आत बसते; आडव्या जोडाला तशी जागा नसते, त्यामुळे कंपाउंड बरंच रुंद पसरावं लागतं. आत भरायच्या ग्लासवूलला (काचतंतूंच्या लोकरीला) तेवढा सरळ ९३ स्क्वेअर फुटांचा हिशेब चालला.