कुजतं किती दिवसात ते नंतर, आधी अन्न टिकतं का ते सांगा

बायोबेस्ड, म्हणजे वनस्पती-प्राण्यांपासून मिळालेल्या मटेरियलच्या पॅकेजिंगवर काम करते म्हटलं की समोरून प्रश्न ठरलेला, मग ते मातीत किती दिवसात कुजतं? अहो पण आत ठेवलेलं अन्न किती दिवस टिकतं हे कुणीच विचारत नाही, आणि माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून साधारण १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, डिझेल सगळं पाण्यात. पिशवी छान कुजली पण आतला माल चार दिवस आधीच खराब झाला तर पर्यावरणाचं भलं कुठे झालं?

मी सध्या कायटोसानच्या फिल्म बनवतेय. कोळंबी-खेकड्यांच्या टरफलातून निघतं हे, आणि बऱ्याच बॅक्टेरिया-बुरशींना ते स्वतःच आवरतं, म्हणून मला फार आवडतं. पावडर सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवायची, थोडं ग्लिसरीन टाकायचं, नाहीतर फिल्म वाळल्यावर कडकड मोडते, मग सपाट ट्रेमध्ये ओतून हळूहळू वाळवायचं. अख्ख्या खोलीत व्हिनेगरचा वास. शेवटी कडेने नखाने सोडवली की पिवळसर, पारदर्शक कागद हातात येतो, आणि कोरडा असेपर्यंत ऑक्सिजन मस्त अडवतो. पण हवेत दमटपणा वाढला की तोच कागद पाणी पितो, फुगतो, लोळागोळा होतो आणि ऑक्सिजन आत जायला लागतो. स्टार्चचं तेच, प्रोटीनच्या फिल्मचंही तेच.

हे दुखणं जुनं आहे बरं का. सेलोफेन (तो चुरचुरणारा पारदर्शक कागद) लाकडाच्या सेल्युलोजचं, तेही वाफ अडवत नव्हतं, १९२७ मध्ये ड्यूपॉन्ट या अमेरिकन केमिकल कंपनीच्या विल्यम हेल चार्च यांनी त्यावर लॅकरचा, म्हणजे वॉर्निशसारखा अगदी पातळ थर दिला तेव्हा कुठे ते खाद्यपदार्थांसाठी खऱ्या अर्थाने कामाला आलं. आम्हीही आज तेच करतोय, फक्त थर मेणाचा नाहीतर पीएलएचा (मका-उसाच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक), म्हणजे तोही झाडामाडांतून किंवा मधमाश्यांकडून आलेला.

आणि सगळं हवाबंद केलं की झालं असंही नाही, ताजी फळं-भाज्या तोडल्यावरही श्वास घेतात, ऑक्सिजन पार संपला तर आत आंबूस, दारूसारखा वास सुटतो. त्यांना थोडी वाफ सोडणारी फिल्मच बरी, नाहीतर आत पाणी साचून बुरशी येते. तळलेल्या पदार्थाला मात्र ऑक्सिजन आणि दमटपणा दोन्ही नकोत, तिथे नुसतं कायटोसान घेऊन बसलात तर फसाल.

लेबलं पण नीट वाचा प्लीज. उसापासून बनवलेलं पॉलिथिन बायोबेस्ड असतं पण कुजत अजिबात नाही, आणि पीएलए कुजतं ते साधारण ५८ अंश तापमान धरून ठेवणाऱ्या मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्ये, घरच्या कुंडीत टाकाल तर कितीतरी दिवस तसंच पडून राहील. म्हणून कुणी नवीन मटेरियल दाखवलं की मी आधी दोनच गोष्टी मागते, दमट हवेत ऑक्सिजन किती आत जातो त्याचे आकडे आणि खरा पदार्थ आत ठेवून केलेली टेस्ट. कोरड्या हवेतले आकडे सगळ्यांचेच छान येतात.