सफरचंद साडेअकराला

बॉस्टनच्या पश्चिमेला, गाडीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात मी गेली नऊ वर्षे काम करते आहे. हा सगळा पट्टा सफरचंदांच्या बागांचा. सप्टेंबर लागला की बागांच्या दारातच पेट्या मांडल्या जातात आणि ऑक्टोबरच्या मध्याला, मेपलची पाने लाल-पिवळी होऊन गळू लागतात तेव्हा, आमच्याकडे एका रविवारी रहिवाशांची मुले, सुना, नातवंडे जेवायला येतात. सत्तर रहिवासी आणि ऐंशी पाहुणे अशी दीडशे पाने त्या दुपारी वाढायची असतात. वर्षातले हे एक जेवण असे असते की जे बिघडले तर आजी-आजोबांना आपल्याच घरी पाहुण्यांसमोर ओशाळल्यासारखे होते, म्हणून मी त्याची तयारी फार मनापासून करते.

मागच्या वर्षी त्या दिवसाचा मुख्य पदार्थ ठरला होता पास्ता घालून केलेले पानगळीच्या दिवसांतले भरपेट सॅलड. सॅलड म्हटले की आपल्याकडे काकडी-टोमॅटोच्या चकत्या डोळ्यांपुढे येतात, पण हे सॅलड म्हणजे पूर्ण जेवण असते. स्क्रूच्या आट्यांसारख्या पिळाचा रोटिनी पास्ता, भट्टीत भाजलेल्या बटरनट भोपळ्याच्या फोडी, केल या चिवट, हिरव्या पालेभाजीची पाने, सफरचंद, वाळवलेल्या क्रॅनबेरी, उकडलेले छोले, व्हरमाँटच्या जुन्या चेडर चीजचे बारीक तुकडे, भाजलेले अक्रोड आणि वरून सफरचंदाचा सिरका, मेपलचा पाक, तेल व फेसलेली मोहरी यांचे ड्रेसिंग. यातले बरेचसे जिन्नस इथल्याच मातीतले आहेत. क्रॅनबेरी याच मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आग्नेय भागातल्या दलदलीच्या वाफ्यांतून येते; काढणीच्या वेळी वाफ्यात पाणी सोडतात आणि आत हवेचे कप्पे असल्यामुळे फळे तरंगून वर येतात. बटरनट भोपळा तर आमच्यापासून जवळच असलेल्या स्टो या गावी चार्ल्स लेगेट यांनी 1940च्या दशकात तयार केला. भट्टीतून त्याच्या फोडी बाहेर काढताना मला हे दर वेळी आठवते आणि त्या भोपळ्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते.

माझी स्वतःची इच्छा त्यात डाळिंबाचे दाणे घालण्याची होती. मी सांगोल्याची, डाळिंबाच्या मुलखातली. पण इथे ऑक्टोबरात मिळणारे कॅलिफोर्नियाचे डाळिंब आपल्या भगवा जातीच्या डाळिंबासारखे मऊ बियांचे नसते. त्याचा दाणा दाताखाली कडक लागतो, आणि कवळी वापरणाऱ्यांच्या कवळीखाली बी अडकली की जेवण तिथेच थांबते. म्हणून तो विचार मी सोडून दिला.

आमच्याकडे पाककृतींची छापील कार्डे बाहेरून येतात. या सॅलडच्या कार्डावर लिहिले होते की सगळे जिन्नस आदल्या दिवशी ड्रेसिंगसह एकत्र करून रात्रभर थंड खोलीत ठेवावेत, म्हणजे चवी एकमेकींत मुरतील. मला त्यात काही वावगे वाटले नाही. मुरणे हा शब्द आपल्या जिभेवर इतका गोड बसलेला आहे, लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, कढीसुद्धा दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, की जे मुरेल ते चांगलेच होईल असे मी धरून चालले. ही चूक माझीच होती, कारण त्या कार्डात काय चुकते आहे ते ओळखायला लागणारे सगळे ज्ञान मला आईच्या कोशिंबिरीतूनच मिळालेले होते.

शनिवारी संध्याकाळी मी आणि माझा एल साल्वादोरचा सहकारी अशा दोघांनी नऊ किलो कोरडा पास्ता दोन घाण्यांत शिजवला. मोठ्या कढईत पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर मीठ घातले, पण नेहमीच्या निम्मेच. एरवी लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास मीठ घालतात; आमच्या रहिवाशांपैकी कितीतरी जणांना रक्तदाबामुळे मीठ तोलून द्यावे लागते, आणि मिठाची ती उणीव सिरक्याच्या आंबटपणाने भरून काढायची असते. म्हणजे या पदार्थात ड्रेसिंग हे वरचे लेणे नसून त्याचा जीव असतो.

पास्ता गरम खायचा असेल तर भातासारखी त्यात किंचित कणी ठेवतात. थंड खायचा असेल तर मात्र तो बोटचेपा होईपर्यंत शिजवावा लागतो, कारण शिजलेला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट होऊ लागतो आणि रात्री बरोबर वाटलेली कणी सकाळी कच्च्या पिठासारखी लागते. आम्ही तो तसाच शिजवला, चाळणीत निथळून गार पाण्याखाली धरला आणि मोठ्या ताटांत पातळ पसरून ठेवला. इथला नियम कडक आहे: शिजलेले अन्न 57 अंशांवरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत उतरले पाहिजे, आणि मधली तापमाने वहीत टिपली गेली पाहिजेत. पहिला घाणा वेळेत गार झाला. त्यात आम्ही कार्डाप्रमाणे भोपळा, केल, छोले, चीज, क्रॅनबेरी, चिरलेली सफरचंदे आणि ड्रेसिंग असे सगळे कालवले. अक्रोड मात्र वेगळे ठेवले, कारण तो ॲलर्जीच्या 9 प्रमुख पदार्थांत मोडतो आणि त्याचे भांडे व चमचाही आम्ही स्वतंत्र ठेवतो. दुसरा घाणा उतरेपर्यंत सहकाऱ्याची घरी जायची वेळ झाली होती. तेव्हा त्या पास्त्याला नुसता तेलाचा हात लावला आणि बाकीचे सकाळी करू असे ठरवून तो तसाच आत ठेवला. दुसरा काही विचार त्यामागे नव्हता.

रविवारी सकाळी सहा वाजता मी थंड खोलीतले पहिले पातेले उघडले. चमचा आत घातला तर सगळा गोळाच वर आला. पास्त्याने रात्रभरात ड्रेसिंगमधला सिरका आणि पाक पिऊन टाकला होता, तेल तेवढे बाहेर राहिले होते, त्यामुळे जीभ ओशट होत होती आणि आंबटपणाचा मागमूस लागत नव्हता. भोपळ्याच्या फोडींच्या कडा झिजून त्यांचा लगदा पास्त्याच्या आट्यांत भरला होता. चीजला क्रॅनबेरीचा रंग लागून ते फिकट गुलाबी झाले होते. आणि सफरचंदे काळवंडली होती. एक फोड मी बोटात धरून पाहिली: सालीलगत पिवळसर, मध्ये चहाच्या डागासारखी तपकिरी, दाबली तर मऊ. दीडशेपैकी पंचाहत्तर पाने त्या पातेल्यांत होती आणि जेवायला सहा तास उरले होते.

अशा वेळी मी आधी सगळे चाखून पाहते, कारण काय वाया गेले आणि काय नाही हे डोळ्यांना नेहमी कळतेच असे नाही. पास्ता खाल्ला, भोपळा खाल्ला, छोले खाल्ले, आणि मग केलचे पान तोंडात घातले तेव्हा मी थबकले. ते उत्तम झाले होते. आदल्या रात्री चामड्यासारखे चिवट असलेले पान आता लुसलुशीत झाले होते, त्याचा कडवटपणा मावळला होता आणि सिरक्याची चव आतपर्यंत पोहोचली होती. एकाच पातेल्यात, एकाच रात्रीत एक जिन्नस सुधारला होता आणि बाकीचे बिघडले होते. आई मुळ्याच्या पाल्याला मीठ चोळून तो तासभर झाकून ठेवत असे, पण काकडी चोचवून झाल्यावरही मीठ पान वाढताना आयत्या वेळीच घालत असे आणि आम्ही मुलींनी घाई केली तर हातातली मिठाची वाटी काढून घेत असे. पाला मुरवायचा असतो, काकडीला मात्र पाणी सुटू द्यायचे नसते. हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून माहीत होते.

सात वाजता आमच्या मुख्य शेफ आल्या. त्यांनी पातेल्यात पाहिले आणि फक्त विचारले, "काय वाचेल?" मी म्हटले की दुसरा घाणा कोरडा आहे, तो पाहुण्यांना पुरेल, आणि हे बिघडलेले पातेले थंड वाढता येणार नाही, पण गरम वाढता येईल. त्यांनी मला आणखी काही विचारले नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

सफरचंदांचा प्रश्न वेगळा होता. आदल्या दिवशी पुरवठ्यात आलेली सफरचंदे मॅकिंटॉश जातीची होती. ते सफरचंद सुगंधी आणि रसाळ असते, पण गर मऊ असतो, चिरले की लवकर तपकिरी होते आणि शिजवले की विरघळून जाते. सफरचंद चिरल्यावर त्याच्या पेशी फुटतात, आतल्या विकराचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येतो आणि फोड तपकिरी पडते. लिंबाचा रस हे काम लांबवतो, कायमचे थांबवत नाही. सॅलडसाठी हवे होते ते कॉर्टलंड. हे वाण न्यूयॉर्क राज्याच्या जिनीव्हा येथील कृषी संशोधन केंद्रात 1898 मध्ये मॅकिंटॉश आणि बेन डेव्हिस या दोन जातींच्या संकरातून तयार झाले, आणि त्याचा गर चिरल्यावरही बराच वेळ पांढरा राहतो हा त्याचा मोठा गुण आहे. नऊ वाजता जवळच्या बागेचे दुकान उघडताच सहकारी गाडी घेऊन गेला आणि साडेनऊला कॉर्टलंडची अर्धा बुशेलची पेटी, म्हणजे सुमारे नऊ किलो, घेऊन परत आला. पेटी थंडगार होती आणि फळांवर अजून दव होते.

दरम्यान मी बिघडलेले पातेले दोन मोठ्या भांड्यांत वाटून मंद आचेवर ठेवले आणि थोडा-थोडा भाज्यांचा उकळता रस्सा घालत गेले. उष्णता मिळताच घट्ट झालेला पास्ता पुन्हा सैलावला, गोळे आपोआप सुटले. मॅकिंटॉशच्या काळवंडलेल्या फोडी विरघळल्या, भोपळ्याचा लगदा त्यात मिसळला, चेडर वितळले, आणि जे सकाळी लगदा म्हणून डोळ्यांना खुपत होते त्याचा केशरी, दाटसर रस होऊन तो प्रत्येक आट्यात आळला. मिरपूड घातली, शेवटी अर्ध्या लिंबाएवढा आंबटपणा पुन्हा दिला आणि भांड्याच्या मध्यभागी तापमापक धरून 74 अंश झाल्याची खात्री केली. ज्यांना कच्चे सफरचंद चावत नाही, ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांच्यासाठी त्या दिवशी मुळात आम्ही वेगळी उकडलेली भाजी देणार होतो. नातवंडे एक खाणार आणि आजी-आजोबांच्या पुढे दुसरेच काहीतरी येणार, हे मला आधीपासून खटकत होते. आता दोघांच्या पानांत एकाच पदार्थाची दोन रूपे जाणार होती.

पाहुण्यांच्या सॅलडसाठी नव्याने केल निवडून, देठ काढून, मीठ आणि लिंबू लावून हातांनी चांगला चुरला. रात्रभराचे काम दोन तासांत पूर्ण होत नाही, पण चुरण्याने बरेच भरून निघते. भोपळा पुन्हा भाजला. रक्त पातळ ठेवण्याचे वॉरफरिन हे औषध चालू असलेल्या सहा जणांची यादी आहारतज्ज्ञ बाईंनी भिंतीवर लावलेली असते. केलमध्ये के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते एके दिवशी एकदम जास्त पोटात गेले तर औषधाचा परिणाम कमी होतो, म्हणून त्या सहा जणांचे गरम पास्त्याचे वाढप मी स्वतः मोजून केले. कोरड्या पास्त्यावर ड्रेसिंगचा पहिला निम्मा भाग अकरा वाजता घातला आणि तो त्याला पिऊ दिला. सफरचंद साडेअकराला चिरले. उरलेले ड्रेसिंग, चीज आणि क्रॅनबेरी बारा वाजता घातल्या. सव्वाबाराला पाने वाढायला घेतली.

खिडकीजवळच्या टेबलावर नव्वदी ओलांडलेल्या एक आजी बसतात. तरुणपणी त्या बागेच्या वखारीत सफरचंदे निवडायचे काम करत असत, हे त्यांनी मला अनेकदा सांगितले आहे. त्यांच्यासमोर गरम वाडगा होता आणि तो त्या सावकाश, चमच्याचमच्याने, शेवटपर्यंत खात होत्या. एरवी त्यांचे निम्मे जेवण परत येते. मी पाणी भरायला गेले तेव्हा त्यांनी नातवाच्या ताटातली सफरचंदाची एक फोड दोन बोटांत उचलून उजेडाकडे धरली होती. साल लाल, गर शुभ्र पांढरा.

"कॉर्टलंड," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "केव्हा चिरलीस?"

मी म्हटले, "साडेअकराला."

त्यांनी मान हलवली आणि ती फोड परत नातवाच्या ताटात ठेवली.

दुपारी दोनला तापमानाची वही पूर्ण केली, बाहेर राहिलेले थोडेसे सॅलड नियमाप्रमाणे टाकून दिले आणि भांडी घासायला गेली. गरम पास्त्याची दोन्ही भांडी रिकामी होती. शेफनी ते छापील कार्ड माझ्यापुढे सरकवले आणि पेन दिले. मी "सगळे एकत्र करून रात्रभर" ही ओळ खोडली आणि तिच्याखाली वेळा लिहिल्या. केल आदल्या रात्री, मीठ-लिंबू लावून. पास्ता आदल्या रात्री, कोरडा, तेलाचा हात लावून. ड्रेसिंग निम्मे अकराला, निम्मे बाराला. अक्रोड वेगळ्या भांड्यात. सहकाऱ्याने त्याच्या शेजारी तेच स्पॅनिशमध्ये लिहिले, आणि सफरचंदाच्या वेळेखाली दोन रेघा ओढल्या.