फ्लॅट टॉप्सवर ठासणीची बंदूक

कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरहून आय-70 महामार्गाने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगदा, मग व्हेल, मग ग्लेनवूड कॅन्यनचे उभे कडे असं करत गाडी न्यू कॅसल या छोट्या गावात पोचते. तिथून उत्तरेला ब्यूफर्डकडे कच्चा रस्ता जातो आणि त्या रस्त्याने चढत गेलं की फ्लॅट टॉप्सचं पठार लागतं. हा मुलूख मला पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून आपला वाटत आला आहे. आपल्या सह्याद्रीसारखाच हाही लाव्हाच्या थरांचा, काळ्या बेसॉल्टचा, कातीव कड्यांचा. उंची मात्र 10,000 फुटांच्या आसपास आणि वर. सप्टेंबरच्या मध्यावर अ‍ॅस्पेनची पानं पिवळी पडायला लागतात, पहाटे गवतावर हिम असतं आणि काळोख्या स्प्रूसच्या रानातून एल्क या धिप्पाड हरणाच्या नरांची हाळी ऐकू येते. सुरुवात घोगरी, मग एकदम चढत जाणारी तीक्ष्ण शीळ, शेवटी घशातून काढलेले दोन-चार हुंकार. एवढ्या धिप्पाड जनावराचा आवाज इतका बारीक कसा, असा प्रश्न माझ्या लेकीला पडला होता. मलाही पडतो.

लेक चौदा वर्षांची. या वेळी परवाना तिच्या नावावर होता, एल्क मादीचा. माझं काम सोबतीचं आणि ओझं वाहण्याचं. कोलोरॅडोत बाराव्या वर्षापासून मोठ्या जनावराची शिकार करता येते, पण सोळाच्या आत असेपर्यंत मोठं माणूस नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असावंच लागतं. त्याआधी सुरक्षेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. मग वसंतात अर्ज आणि सोडत. अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क याच राज्यात आहेत, तरी कुठल्या भागात किती नर, किती माद्या मारायच्या हे वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं. आपल्याकडे 1972च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली घडी वेगळी आहे. शिकाऱ्याने परवान्यासाठी भरलेल्या पैशावरच त्या प्राण्यांची देखभाल बऱ्याच अंशी चालते.

बंदूक ठासणीची. सिंधुदुर्गात आमच्या आजोबांकडे शेतराखणीच्या परवान्याची तशीच एक होती, त्यामुळे मला ती अनोळखी नव्हती. लेकीच्या हातातली पॉइंट 50 कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची, बाजूला घोडा (टोपीवर आपटणारा हातोडा) असलेली. एल्कसाठी याहून लहान नळी चालत नाही. नळीच्या तोंडातून मोजून 90 ग्रेन, म्हणजे जेमतेम सहा ग्रॅम दारू ओतायची, वर शिशाची जड गोळी ठेवायची, गजाने ती दारूवर नीट बसेपर्यंत दाबायची, मग नळीच्या मागच्या निपलवर ठिणगी देणारी टोपी. इथल्या नियमांनी ठासणीच्या बंदुकीच्या हंगामात दुर्बीण लावायला बंदी, दारूच्या तयार वड्यांना बंदी, गोळीभोवतीच्या प्लास्टिकच्या वेष्टणालाही बंदी. उघड्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, नेम धरायचा आणि एकच बार. चुकला तर पुन्हा भरेपर्यंत जनावर पुढच्या डोंगरावर.

मुलांना शिकार शिकवायची तर याच बंदुकीने, असं माझं ठाम मत आहे. दुर्बिणीच्या रायफलने तीनशे यार्डांवरचं जनावर पाडता येतं. तेवढ्या अंतरावरून ना त्याचा वास येत, ना त्याची पापणी हललेली दिसत. ठासणीच्या बंदुकीला जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर वारा, पाऊलवाट, चरण्याची वेळ, सगळं शिकावं लागतं. उन्हाळाभर आम्ही मैदानावर कागदी निशाणांवर सराव केला. पंचाहत्तर यार्डांच्या पुढे बार टाकायचा नाही, हे तिनेच स्वतःच्या छिद्रांकडे बघून ठरवलं होतं.

आमचा तंबू एका ओढ्याच्या वर होता. दुपारी वाटेत मेंढ्यांचा एक मोठा कळप, पांढरी राखणीची कुत्री आणि घोड्यावरचा एक पेरूचा मेंढपाळ भेटला. पश्चिम कोलोरॅडोच्या डोंगरांत उन्हाळाभर ही पेरूहून आलेली माणसं एकटी मेंढ्या राखतात. त्याने कड्याच्या पलीकडच्या एका सपाटीकडे हात केला आणि दोन्ही हातांची बोटं कपाळावर लावून शिंगं दाखवली. माहिती सोन्यासारखी होती.

त्या संध्याकाळी आम्ही त्या सपाटीच्या कडेला, आडव्या पडलेल्या स्प्रूसमागे बसलो. सूर्य कलला तसा वारा उतारावरून खाली वाहू लागला. डोंगरात हे ठरलेलं असतं, उन्हं तापली की वारा चढणीला, सावली पडली की उताराला. एल्कच्या नाकाशी आपलं काही चालत नाही, म्हणून आम्ही कुरणाच्या खालच्या अंगाला बसलो होतो. रानातून आधी एक म्हातारी मादी आली, मागून चार-पाच आणखी. सगळ्यांत जवळची एकशेवीस पावलांवर, आडवी उभी. लेकीने घोडा मागे ओढून ठेवला, गाल दस्त्याला टेकवला. मी श्वास धरून होतो. मग तिने घोडा हळूच अर्ध्यावर आणला.

"बाबा, नको. माशीनं तिची अख्खी छाती झाकली जातेय."

ती जनावरं काळोख होईपर्यंत आमच्यासमोर चरत राहिली. मी तिला काहीही समजावलं नाही, कारण समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तंबूत परतताना ती मजेत होती, पिठलं-भात दोनदा घेतला. मला तिचा अभिमान वाटला, तो दुसऱ्या दिवशीपेक्षा त्या संध्याकाळी जास्त वाटला.

पहाटे हिम कडक होतं. आम्ही जुन्या गवताळ पायवाटेने कड्यावर चढलो. उजाडायच्या सुमारास नर खालच्या रानात ओरडला, त्याला दुसऱ्याने पलीकडून उत्तर दिलं. कळप कुरणातून वरच्या रानात निजायला येणार होता आणि त्याच्या वाटेवर एक अरुंद टप्पा होता. वारा अजून उताराचाच होता, म्हणून बाजूने वळसा घालून, टप्प्याच्या खालच्या टोकाला दोन झाडांच्या आडोशाला आम्ही बसलो. तिने नारिंगीऐवजी झगझगीत गुलाबी जाकीट घातलं होतं. कोलोरॅडोत दोन्ही चालतात, आणि एल्कला त्या रंगांचा फरक कळत नाही.

आधी वास आला, ओल्या घोड्यासारखा, तिखट. मग फांद्या मोडल्याचे आवाज. पहिली मादी पन्नास पावलांवरून गेली, तिच्या मागे पिल्लू. सप्टेंबरात पिल्लं चरायला लागलेली असतात, तरी लेकीने ती जाऊ दिली. दुसरी झाडांत अडकलेली. तिसरी एकटी, उघड्यावर आली, चाळीस पावलांवर थांबली आणि मागच्या नराच्या आवाजाकडे मान वळवली.

बार झाला आणि पांढऱ्या धुराच्या भिंतीपलीकडे काही दिसेना. गंधकाचा वास, धावणाऱ्या खुरांचा आवाज, मग शांतता. लेकीने जागेवरून न हलता दारू मोजली, गोळी ठासली, टोपी बसवली. तिचे हात थरथरत होते, पण क्रम चुकला नाही. आम्ही अर्धा तास तिथेच बसून राहिलो. घाई केली की जखमी जनावर उठून दूर जातं. नंतर रक्ताचा माग काढत गेलो. मादी पडलेल्या झाडांमध्ये, सत्तरेक पावलांवर होती. गोळी दोन्ही फुप्फुसांतून पार गेली होती.

लेक तिच्याजवळ बसली, कपाळावर हात ठेवला आणि रडली. नंतर तिनेच परवान्याचा टॅग भरला.

उरलेला दिवस घामाचा. मोठ्या मादीतून सत्तर-ऐंशी किलो मांस निघतं आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. आम्ही पोट न फाडता एका अंगाने कातडं सोलत गेलो. खांदे, फरे (मागच्या मांड्या), पाठीचे लांब पट्टे, शेवटी आतले मऊ तुकडे. मादी असल्याचा पुरावा एका फऱ्याला तसाच राहू दिला, तोही नियम. सुती पिशव्यांत भरून सावलीत, उंच फांदीवर टांगलं, कारण या रानात काळी अस्वलं आहेत. मग पाठीवर एकेक फरा घेऊन गाडीपर्यंत फेऱ्या. लेकीने खांदे वाहिले. चढावर मी तिचं ओझं मागितलं, तिने दिलं नाही.

डोकं तपासणीला दिलं. हरणांच्या मेंदूला पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग हा आजार 1967 साली याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला पहिल्यांदा दिसला. तो माणसाला झाल्याचा दाखला नाही, पण अहवाल येईपर्यंत शिजवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. अहवाल चांगला आला त्या रविवारी घरी सगळे जमले. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, म्हणून आईने सांगितल्याप्रमाणे मालवणी मसाल्यात, भरपूर ओल्या खोबऱ्याच्या वाटणात, मंद आचेवर तीन तास शिजवलं. एक मोठा डबा लेक शेजारच्या आजोबांना देऊन आली. बंदूक त्यांचीच होती, आणि त्यांनी दारातच तिच्याकडून वाऱ्यापासून बंदुकीच्या बारापर्यंत सगळी हकिगत ऐकून घेतली.