फोर्सिथिया फुलेपर्यंत थांबा: न्यू जर्सीतलं मार्च-एप्रिलचं अंगण

मार्चमध्ये इकडे न्यू जर्सीत एखादा शनिवार असा उजाडतो की पारा एकदम ६५ फॅरनहाइटच्या वर जातो आणि अख्खी गल्ली अंगणात उतरते. गराजमधून स्प्रेडर (खत पसरायच्या ढकलगाड्या) निघतात, दुकानांबाहेर खताच्या आणि मल्चच्या, म्हणजे झाडांखाली पसरायच्या आच्छादनाच्या, पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतातच, आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "लॉनला आत्ता काय टाकायचं?" सुरू होतं. दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून ठेवतेय. माझं म्हणणं सरळ आहे: मार्चमध्ये अंगणात जितकं कमी कराल तितकं बरं, पण दोन-तीन कामं अशी आहेत की ती वेळेवर झालीच पाहिजेत, आणि ती वेळ माती आणि झाडं बघून ठरवायची.

आधी माती. आमच्या मध्य जर्सीत बऱ्याच ठिकाणी चिकण माती आहे, त्यात बर्फ वितळलेला, वर मार्चचा पाऊस, त्यामुळे वरून कोरडी दिसली तरी खाली चिखलच असतो. अशा ओल्या मातीवर नुसतं चाललं तरी ती दबते, मुळांना हवा मिळत नाही आणि मग वर्षभर तिथलं गवत विरळ राहतं. बाबा गावाहून व्हिडिओ कॉलवर पहिलं हेच विचारतात, "वाफसा आलाय का गं?" चार बोटं खालची मूठभर माती घ्या, घट्ट दाबा आणि अंगठ्याने टोचा. भुसभुशीत फुटली तर वाफसा आला, लाडवासारखी तशीच राहिली तर फावडं परत गराजमध्ये ठेवा आणि आठवडाभर थांबा.

आता लॉन. इथलं लॉन म्हणजे फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, रायग्रास, ही सगळी थंड हवेतली गवतं. पुण्याकडचं लॉन उन्हाळ्या-पावसाळ्यात वाढतं आणि थंडीत सुस्तावतं, यांचं उलटं, यांना ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ सगळ्यात मानवतो. म्हणून नवीन बी टाकायचं, भोकं पाडून माती मोकळी करायची, मुख्य खत द्यायचं ही सगळी कामं खरं म्हणजे तेव्हाची. मार्चमध्ये नायट्रोजन भरपूर दिला की पातं सरसर वाढतं, बघायला छान हिरवंगार दिसतं, पण मुळं त्या मानाने मागे राहतात आणि जुलैच्या उन्हात तेच गवत आधी पिवळं पडतं. खत विकणारा हे सांगत नाही, कारण त्याचा सीझन आत्ता असतो.

मग वसंतात लॉनसाठी करायचं काय, तर क्रॅबग्रासचा बंदोबस्त. हे जाड, पसरट, फिकट हिरवं तण ड्राइव्हवेच्या कडेने आधी येतं कारण तिथली माती लवकर तापते. ते वर्षायू आहे, शरदातल्या पहिल्या कडक हिमात मरतं, पण मरण्याआधी ढीगभर बी सांडून जातं आणि ते बी पुढच्या वसंतात वरच्या थरातली माती सलग काही दिवस साधारण ५५ फॅरनहाइट, म्हणजे १३ सेल्सिअसला पोचली की उगवायला लागतं. प्री-इमर्जंट औषध उगवणारं बी रोखतं, उगवलेल्या तणाला बहुतेक औषधं काही करत नाहीत, त्यामुळे वेळ चुकली की पैसे गेले. थर्मामीटर नसला तर कोपऱ्यावरची पिवळीधमक फोर्सिथिया बघायची, म्हणजे पानांआधी फुलणारं ते झुडूप. साधारण पाडव्याच्या आगेमागे ती फुलते, ती भरात आली की औषध टाकायचं आणि फुलं गळून पानं दिसायच्या आत काम उरकायचं. एक लक्षात ठेवा, हे औषध क्रॅबग्रासचं बी आणि तुम्ही टाकलेलं महागाचं गवताचं बी यात फरक करत नाही. वसंतात पॅच भरायचेच असतील तर तिथे नेहमीचं औषध टाकू नका, नव्या बियाण्याबरोबर चालणारी मेसोट्रायोनसारखी वेगळी औषधं मिळतात, पण पाकिटावरचं लेबल आधी वाचा.

बरं, खताबद्दल न्यू जर्सीत कायदा आहे हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०११ साली झाला. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकाने लॉनला खत टाकायचं नाही, माती तपासून कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवीन लॉन लावत असल्याशिवाय फॉस्फरस टाकायचा नाही, जोराचा पाऊस येणार असेल तर नाही, गोठलेल्या जमिनीवर नाही, आणि ड्राइव्हवेवर सांडलेलं झाडून परत लॉनवर घ्यायचं. हे सगळं का, तर आपल्या लॉनवरून वाहिलेलं खत नाल्यातून थेट खाडीत जातं, बार्नेगॅट बेमध्ये शेवाळं माजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपतो. म्हणजे त्या रविवारच्या एका स्प्रेडरचा संबंध आपण उन्हाळ्यात पोरांना घेऊन जातो त्याच शोअरशी, म्हणजे समुद्रकिनाऱ्याशी आहे, आणि मला तरी हे कळल्यापासून खताचं पोतं उचलताना दोनदा विचार करावासा वाटतो.

चुन्याचंही तेच. "जर्सीची माती आम्लधर्मी, टाका चुना" असं सगळे म्हणतात, पण तुमच्या मातीला तो हवाय की नाही हे तपासल्याशिवाय कसं कळणार? रटगर्स युनिव्हर्सिटीची माती तपासणी लॅब आहे, काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी) एक्स्टेंशन ऑफिसमध्ये, म्हणजे शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या कार्यालयात चौकशी केली की कसं पाठवायचं ते सांगतात. अंगणातल्या आठ-दहा जागांची माती घ्यायची, एकत्र करून त्यातली थोडी पाठवायची, भाजीच्या वाफ्याची वेगळी. गवताला पीएच साधारण ६ ते ६.८ असला की पुरे. एका लॉन कंपनीचा माणूस मागे दारात येऊन मातीला हातही न लावता चुना, खत, औषध अशा चार हप्त्यांचं पॅकेज सांगत होता, अशांना सरळ नाही म्हणा.

मोवरचं पातं मात्र आत्ताच धार लावून घ्या, एप्रिलमध्ये दुकानात रांग लागते. बोथट पात्याने गवत कापलं न जाता फाटतं आणि दोन दिवसांनी टोकं पांढुरकी दिसतात, जवळून वाकून बघा, कळेल. उंची तीन इंचांच्या खाली आणू नका, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, आणि कापलेलं तिथेच राहू द्या, त्यातला नायट्रोजन फुकट परत मिळतो. बर्फाखाली उंदरांसारख्या व्होल्सनी केलेल्या बोटभर रुंदीच्या नागमोडी वाटा दिसल्या तर घाबरू नका, हलकंसं दाताळं फिरवलं की बहुतेक गवत आपोआप भरून येतं.

पाल्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. पहिल्या उबदार दिवशी लोक ब्लोअर लावून कुंपणाकडचा, झुडपांखालचा सगळा पाला खरवडून पिशव्यांत भरतात, सुकलेल्या काड्या जमिनीपासून छाटतात. त्या पोकळ काड्यांमध्ये छोट्या मधमाश्या झोपलेल्या असतात, पाल्यात फुलपाखरांचे कोष असतात, आणि काजव्यांच्या अळ्या त्याच ओलसर पाल्यात आणि मातीत गोगलगाई, गांडुळं खात वाढत असतात. इथे जूनच्या शेवटी संध्याकाळी अंगणात काजवे उडतात ना, ज्यांच्यासाठी आपण तिकडे मेमध्ये भंडारदऱ्याला गर्दी करतो, ते इथे दारात मिळतात आणि आपणच त्यांना मार्चमध्ये पिशवीत भरून कचऱ्यासाठी रस्त्याकडेला ठेवतो. लॉनवरचा जाड थर काढा, तो काढावाच लागतो नाहीतर खालचं गवत सडतं, पण झुडपांखालचा पाला तसाच ठेवा, तेच मल्च आहे. काड्या छाटायच्याच असतील तर फूट-दीड फूट ठेवून छाटा, नवीन पानांत त्या झाकून जातात.

एका किड्याला मात्र दयामाया नको. झाडाच्या खोडावर, कुंपणावर, ग्रिलच्या कव्हरवर वाळलेल्या चिखलाचा फराटा असावा असं राखाडी काही दिसलं तर ती स्पॉटेड लँटर्नफ्लायची, म्हणजे झाडांचा रस शोषणाऱ्या बाहेरून आलेल्या किडीची अंडी. २०१४ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा सापडली, आता आपल्याकडे सगळीकडे आहे. एका फराट्यात ३० ते ५० अंडी. एप्रिलअखेरपासून फुटायला लागतात, त्याआधी जुन्या कार्डाने खरवडून सॅनिटायझर घातलेल्या पिशवीत टाका. पोरांना हे काम फार आवडतं.

छाटणीचं थोडक्यात: फोर्सिथिया फुलली की गुलाब छाटा. निळ्या-गुलाबी मोठ्या गेंदांच्या हायड्रेंजियाला हात लावू नका, तिच्या कळ्या गेल्या वर्षीच्या काड्यांवर असतात, आत्ता छाटलीत तर यंदा फुलं विसरा.

भाजीचं म्हणाल तर वाफसा आला की मार्चअखेर मटार, पालक, मुळा सरळ जमिनीत. मेथी आणि कोथिंबीर एप्रिलमध्ये, हलकं हिम दोघी सोसतात, उलट जूनच्या उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर जाते म्हणून लवकर लावलेलीच बरी. इंडियन ग्रोसरीतले डब्यातले मेथीदाणे मस्त उगवतात, धणे तेवढे लाटण्याखाली रगडून दोन फाकी करून पेरा. मिरची, टोमॅटोची रोपं घरात लाइटखाली मार्चमध्ये करायची आणि मदर्स डे (मेचा दुसरा रविवार) नंतरच बाहेर, दोडकी-कारली-भोपळा तर माती चांगली तापल्यावर, मेच्या शेवटी. आणि बियाणं भारतातून बॅगेत आणू नका, पेरायच्या बियांना इथे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं.

शेवटी कढीपत्ता, कारण वहिनींचा रोज मेसेज येतोय की "आमचा गेला वाटतं". जायचा नाही इतक्यात. हिवाळ्यात घरात पानं झडतात, नुसती काठी उरते. नखाने साल किंचित खरवडा, आतून हिरवं निघालं तर जिवंत आहे, फक्त पाणी कमी करा, कारण झोपलेल्या झाडाला रोज पाणी घातलं की मुळं कुजतात. पानं चिकट लागत असतील तर काड्यांवर तपकिरी खवले किडे असतील, साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसून घ्या. मार्चमध्ये शेंडे खुडा, दिवस मोठा होईल तसे बाजूने फुटवे येतात. रात्रीचं तापमान सलग ५० फॅरनहाइटच्या वर राहायला लागलं की, म्हणजे आमच्याकडे मेच्या मध्यावर, कुंडी बाहेर काढा, पहिला आठवडा सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन. थेट उन्हात ठेवलीत तर घरातली कोवळी पानं दोन दिवसांत करपतात.